पिंपरी पेंढार ते सिंगापूर : दिवाळीत सहकुटुंब परदेशी पाळण्यात बसण्याची शास्त्रोक्त पद्धत

परदेशवारीचा मुहूर्त पंचांगात शोधू नये, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शोधावा. 2023 च्या जुलैत तिथं वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा ज्याच्या शेतात टोमॅटो उभा होता त्याच्या घरात एक वाक्य उच्चारलं गेलं : ‘औंदा पोरांना कुठंतरी नेऊ.’ हे ‘कुठंतरी’ पूर्वी महाबळेश्वरला संपायचं, हल्ली सिंगापूरला संपतं. वाक्य उच्चारल्यावर आठवड्याच्या आत तिकिटं काढून टाकावीत. टोमॅटोचा भाव आणि घरधन्याचा हुरूप हे दोन्ही पुढच्या तोडणीपर्यंत टिकतील याची खात्री नसते.

आखणीची सुरुवात कोण जाणार इथून करू नये, मागे कोण राहणार इथून करावी. दिवाळी ही शहरातल्या माणसाची सुट्टी. जुन्नरकडच्या पिंपरी पेंढारच्या शिवारात त्याच सुमाराला द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झालेली असते, नवी फूट कोवळी असते, आणि आभाळ जरा भरून आलं की डावणी रोगाच्या भीतीनं माणूस पंप पाठीवर घेऊन उठतो. कांद्याची रोपं टाकलेली असतात. गाय तर लक्ष्मीपूजनालाही दोन वेळा दूध देते. त्यात थ्री-फेज लाइट रात्रीची असली तर पाणी भरायला अंधारात जावं लागतं. इथं थट्टा बाजूला ठेवतो : या पट्ट्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत, आणि शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी त्यातूनच आलेली आहे. तेव्हा मागे एकट्याला ठेवू नये, दोघांना ठेवावं. तिकडून काय आणू, असं त्यांना निघण्यापूर्वी विचारावं. ‘काही नको’ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ मोबाइल.

आता कागदपत्रं. घरातल्या तिन्ही ज्येष्ठांची जन्मतारीख 1 जून निघाली तर घाबरू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या पिढीला तीच वाटली होती, आणि पासपोर्टच्या खिडकीपलीकडच्या साहेबांच्या वडिलांचीही बहुधा तीच असते. खरी अडचण सुनेच्या नावाची. आधारवर सासरचं, दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. हे सगळं एका रांगेत आणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात द्राक्षाचा घड तयार होतो. व्हिसा एजंट काढून देतो. मात्र सिंगापूरचं आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि ते काम गावातल्या कोणत्याही बारावीच्या पोराकडून करून घ्यावं. एजंटापेक्षा तो कमी चुका करतो आणि चहावर भागतो.

सामानाकडे वळू. फराळाचा डबा नेण्यावरून घरात वाद होईल. तो होऊ द्यावा, कारण शेवटी डबा जाणारच असतो. चकली मोडते, म्हणून ती कपड्यांच्या मधोमध ठेवावी. कपडे तेलकट होतात, पण ते तिकडे कोणी ओळखीचं बघत नाही. अनारसे कोणी खाणार नाही, तरी न्यावेत, आजीचं मन राहतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवाव्यात. खोबरं तेलकट असल्यानं पेट घेऊ शकतं, म्हणून 2022 पासून ते आपल्या विमानतळांवर चेक-इन बॅगेत चालत नाही. करंजीतल्या खोबऱ्याला अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही. ठेचा हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत ठेवावा, दोन पिशव्यांत बांधून, आणि सुनेच्या नव्हे, ज्याला खायचाय त्याच्या बॅगेत.

तंबाखूसाठी स्वतंत्र परिच्छेद लागतो. सिंगापूरला खायची तंबाखू नेता येत नाही. च्युइंगमची आयात त्यांनी 1992 मध्येच बंद केली, रस्त्यावर थुंकलं तर दंड आहे. पुडी मोज्यात लपवण्याचा विचार ज्या चुलत्यांच्या मनात येईल त्यांना माळशेज घाट उतरण्यापूर्वीच खाली उतरवून घ्यावं. त्यांनी फार दुःख करू नये. ज्या संगमनेरच्या मालपाणी समूहाचा गायछाप जर्दा, त्याच समूहाची शिर्डीत आणि लोणावळ्यात वॉटर पार्क आहेत, आणि खोपोलीचं इमॅजिकाही 2022 पासून त्यांच्याच हाती आहे. म्हणजे बांधावर बसून आयुष्यभर तंबाखू मळणारा माणूस मनोरंजन उद्योगाचा जुना आधारस्तंभ ठरतो. असं समजावून सांगितलं की चुलते गप्प बसतात.

जाण्याची तारीख जपून निवडावी. सिंगापुरात दिवाळी आहे, लिटल इंडियात सेरंगून रोडवर रोषणाईही असते, पण ती तमिळ पद्धतीची : नरकचतुर्दशीचा एक दिवस, एक सरकारी सुट्टी. 2025 मध्ये त्यांची सुट्टी 20 ऑक्टोबरला, सोमवारी आली आणि आपलं लक्ष्मीपूजन 21 ला. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुट्टी मिळाल्यावर तिथला माणूस कुठं जातो? आपण जातो तिथंच, पाळण्यांच्या पार्कात. म्हणून तिथली दिवाळी टाळून मंगळवार-बुधवार गाठावा. फटाक्यांवर तिकडे 1972 पासून बंदी आहे. पोराला हे विमानात सांगावं, उतरल्यावर नव्हे. लक्ष्मीपूजन हॉटेलच्या खोलीत करायचं, तर बॅटरीवरची पणती लावावी, कारण छतावर धुराची घंटा असते आणि ती वाजली की आरतीला अग्निशमन दल येतं.

आणखी एक. सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये सप्टेंबर अखेरीपासून साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ठरावीक रात्री भुतांचा खेळ मांडतात. 2011 पासून मांडतात. त्या दिवशी नेहमीचं पार्क लवकर बंद होतं आणि भुतांसाठी वेगळं तिकीट लागतं. आपल्याकडे अमावास्येला म्हातारी संध्याकाळनंतर उंबरा ओलांडू देत नाही, आणि इथं तिच्याच नातवाला ऐन अमावास्येच्या आसपास पैसे मोजून भूत अंगावर घालायचंय. हे तिला सांगू नये. पार्क लवकर का बंद झालं, असं तिनं विचारलं तर ‘लाइट गेली’ म्हणावं. तिला पटतं.

पार्कात मोठ्या माणसाचं तिकीट 80 सिंगापूर डॉलरच्या पुढे, म्हणजे पाच हजारांहून जास्त. साठीच्या पुढच्यांना कमी. हा फरक आजोबांना सांगितला की ते आनंदानं येतात आणि दिवसभर प्रत्येकाला सांगत फिरतात. डॉलरचा रुपयात गुणाकार फक्त गेटवर, एकदाच करावा. आत गेल्यावर प्रत्येक आइस्क्रीमचे टोमॅटोचे क्रेट मोजणारा माणूस दुपारपर्यंत आजारी पडतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी तिथं विजांसह पाऊस येतो. वीज चमकू लागली की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. म्हणून मोठे खेळ सकाळी उरकावेत, छताखालचे दुपारी ठेवावेत. हा सल्ला या संपूर्ण मार्गदर्शनात सर्वांत कामाचा आहे आणि तो कोणीही पाळणार नाही, कारण सकाळी गेटवरच अर्धा तास फोटो काढण्यात जातो.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नावाचा जोडपाळणा साडेबेचाळीस मीटर उंच आहे. दोन रूळ, लाल आणि निळा, एकमेकांशी झुंज लावलेले. लाल गाडीत माणूस बसतो, निळीत लटकतो आणि उलटापालटाही होतो. जुन्नर-आंबेगावचा गडी हे बघितल्यावर पहिला प्रश्न विचारतो : ‘बारी किती सेकंदाची?’ मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केल्यापासून आमच्या भागात वेग मोजण्याची दुसरी पद्धतच उरलेली नाही. निळ्या गाडीला शर्यतीतल्यासारखं ‘घाटाचा राजा’ ठरवून टाळ्या वाजवणं हे तिथं गैर मानत नाहीत, फक्त भंडारा उधळू नये. ‘ममी’चा पाळणा अंधारात धावतो आणि मध्येच उलटा फिरतो. तिथं बाहेर आल्यावर जो सर्वांत मोठ्यानं हसतो तो सर्वांत जास्त घाबरलेला असतो. तो बहुधा घरचा कर्ता असतो.

रांग लांब असली तर एकेकट्यांसाठी काही खेळांना वेगळी रांग असते, ती झपाट्यानं सरकते. सकाळच्या भांडणानंतर नवरा-बायकोसाठी ती उत्तम. एरवी आपलं कुटुंब तिच्याकडे वळत नाही, कारण नणंद-भावजया, त्यांची चार पोरं आणि एक पिशवी यांनी एका गाडीत बसावं हाच तर प्रवासाचा हेतू असतो.

डायनासोरच्या विभागात गोल होडीतून नेतात आणि भिजवतात. ‘पावसाळी कोट विकत घ्या,’ असं पोरं म्हणतील. घेऊ नये. भाताच्या खाचरात लावणी केलेल्या माणसानं कोट विकत घेणं शोभत नाही. तिथं झाडीतून एखादं जनावर डरकाळी फोडतं तेव्हा बाकीची पोरं किंचाळतात. आपली किंचाळणार नाहीत. शाळेतून येताना घोळक्यानं या, उसाकडेनं एकटं जाऊ नका, हे ऐकत वाढलेली पोरं ती. आमच्याकडचं सहा वर्षांचं पोर अशा ठिकाणी एवढंच विचारतं : ‘पिंजरा लावला का?’ त्याला तिथल्या कर्मचाऱ्याकडे नेऊ नये. नेलंच तर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माहिती इंग्रजीत सांगायची तयारी ठेवावी.

आणि उंचीची काठी. प्रत्येक पाळण्यापाशी ती उभी असते, आणि ती ना वशिला मानते ना रडणं. बॅटलस्टारला 125 सेंटिमीटर, ममीला 122. घरी दाराच्या चौकटीला पोर उभं करून पेन्सिलीनं खूण करावी आणि खरं काय ते निघण्यापूर्वीच सांगावं. जाड तळव्याचे बूट, वर बांधलेला बुचडा हे सर्व उपाय त्या कर्मचाऱ्यांनी पाहिलेले आहेत. मागे राहिलेल्या पोराजवळ कोणी थांबायचं यावर घरातलं खरं प्रेम कळतं. बहुतेक वेळा आजी थांबते, आणि दोघं मिळून अनारसे संपवतात.

परतल्यावर गावात विचारतील, कसं होतं? ‘स्वच्छता लई’ एवढंच बोलावं. ते खरं असतं आणि त्यावर कोणी पुढं प्रश्न विचारत नाही. ज्याची उंची कमी भरली त्या पोरानं मात्र पुन्हा न्या म्हणून धोशा लावला तर त्याला दरडावू नये. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो, आणि 125 सेंटिमीटर व्हायला तेवढा वेळ भरपूर झाला.