पेटीला वीज कुठली द्यावी: मंडळांसाठी मंडईपूर्व मार्गदर्शन

दिवाळी उलटली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक ठरलेलं असतं, आणि गोंदियाला खेटलेल्या फुलचूरसारख्या ठिकाणीही मंडळापुढे पहिला ठराव येतो तो पेट्यांचा. पेटी म्हणजे आता ॲम्प्लिफायर पोटातच असलेला पॉवर्ड स्पीकर. तो निवडणं सोपं आहे. ज्याच्यावर वॅटचा आकडा मोठा तो चांगला. आकडे सारखेच निघाले तर ज्याच्या जाळीमागे निळे दिवे लागतात तो. विजेचा ठराव मात्र कुणी मांडत नाही, ‘लावा कुठंही’ म्हटलं की विषय मिटतो. आमचं म्हणणं एवढंच, की पेटीला वीज किती लागते यापेक्षा कशी लागते हे पाहावं, आणि थोडे पैसे पेटीच्या मागच्या बाजूलाही जाऊ द्यावेत.

‘किती’चं भय बरंचसं छापील असतं. पुढे ठळक लिहिलेले १,००० वॅट बहुधा क्षणभराच्या कमाल झटक्याचे असतात. गाणं किंवा संवाद सतत त्या पातळीवर नसतो. म्हणूनच अशा उपकरणांचा वीजवापर ताकदीच्या एक अष्टमांशावर मोजण्याची रीत आहे. खरा आकडा मागे, कॉर्डच्या खोबणीजवळ, बारीक अक्षरांत सापडतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. रंगमंचावरचे ५०० वॅटचे दोन हॅलोजन एका पेटीहून कितीतरी जास्त वीज खातात, पण त्यांच्या जेवणाची चर्चा होत नाही, कारण ते ओरडत नाहीत. यावर जाणकार म्हणतील, जिल्ह्यातच तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, मग विजेची चिंता कसली? केंद्र आहे खरं. पण पेटीचा संबंध तिरोड्याशी येत नाही, तो येतो डीपीपासून मांडवापर्यंत लोळत आलेल्या वायरीशी. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर ओढली आणि हॅलोजनसकट १० अँपिअर तिच्यातून गेले, तर जाऊन-येऊन सुमारे १८ व्होल्ट वायरीतच जिरतात. संध्याकाळी आधीच २३० चे २०५ झालेले असले, तर पेटीच्या वाट्याला १८७ उरतात. ‘१०० ते २४०’ असं लिहिलेली नवी पेटी तेवढ्यावर भागवते; जुनी ट्रान्सफॉर्मरवाली नायकाच्या ऐन डरकाळीला फाटक्या आवाजात साथ देते.

याहून घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल निसटणं. मांडवात दिवे एका फेजवर, पेट्या दुसऱ्या फेजवर असतात आणि दोघांचा न्यूट्रल एकाच ढिल्या पेचाखाली असतो. तो पेच सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दिवे आणि पेटी मिळून वाटून घेतात, आणि ज्याची भूक कमी त्याच्या पदरात जास्त पडतात. म्हणजे मिताहारी पेटी जळते, खादाड हॅलोजन नुसता मंदावतो. सात्त्विकतेचं असं फळ इतरत्र क्वचितच मिळत असेल. म्हणून वायरमनकडून न्यूट्रल कसून घेणं हे स्टॅबिलायझर विकत घेण्याच्या आधीचं काम आहे. तारेवर आकडा टाकून हा सगळा व्याप टाळता येतो असं कुणी सुचवेल. त्याला २००३च्या वीज कायद्याचं कलम १३५ वाचायला द्यावं आणि महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज भरायला बसवावं.

आता तिसऱ्या पिनेचा मुद्दा. ‘घुंऽऽ’ असा आवाज आला की पकडीनं अर्थिंगची पिन तोडायची, ही विद्या पिढीजात आहे. तिच्या बाजूनं पुरावाही आहे: आवाज खरंच थांबतो! मिक्सर एका बोर्डावर आणि पेटी दुसऱ्या बोर्डावर असली की दोन अर्थिंग आणि सिग्नलची केबल मिळून एक फेरा तयार होतो, त्यातून वाहणारा प्रवाह ऐकू येतो. पिन तुटली की फेरा तुटला. पण पेटीत किंवा मिक्सरमध्ये फेज बॉडीला चिकटली, तर ती वीज जमिनीत नेणारी वाट तीच होती. आता वाट उरली माईक धरलेल्या हाताची, आणि तो हात त्या वेळी बहुधा नांदी म्हणत असतो. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद फक्त ज्यांना काही झालं नाही तेच करू शकतात. उपाय स्वस्त आहे: मिक्सर आणि पेट्या एकाच बोर्डावरून चालवाव्यात, तीन पिनांची बॅलन्स्ड केबल वापरावी, तरी कुरकुर राहिलीच तर सिग्नलच्या वाटेवर छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. पिन शाबूत ठेवावी.

जनरेटर आणला की सुटलो, असं वाटणारे आहेत. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो आणि ट्रान्सफॉर्मरवाली पेटी त्यावर भुणभुणते. जनरेटर त्या मानानं बरा. मात्र आधी इंजिन स्थिरावू द्यावं, मग पेट्या चालू कराव्यात. आणि पेट्रोल संपत आलं की तो आचके देऊन व्होल्टेज वर-खाली करतो, तेव्हा अंकाच्या मधल्या वेळेत पेट्या बंद करूनच टाकी भरावी. रात्री दहानंतरच्या विजेबद्दल विचाराल, तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहा ते सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. दंडार पहाटेपर्यंत चालते. तेव्हा उरलेल्या तासांसाठी कुठली वीज निवडावी, हे मंडळानं परवान्याचा कागद समोर ठेवून ठरवावं.