नऊ ग्रॅमची मोटर आणि एक कप चहा

यंत्राचा हात घरी करायचा म्हटलं, तर त्यातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे हात. तो फुकट मिळतो. गाएल लांजव्हँ नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने २०१२ पासून ‘इनमूव्ह’ या आपल्या यंत्रमानवाचे आराखडे जगाला वाटून टाकले आहेत, त्यामुळे ज्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, किंवा थ्रीडी प्रिंटर बाळगणारा भाचा आहे, त्याला तळवा, पाच बोटं आणि कोपरापर्यंतचा हात प्लास्टिकमध्ये छापून मिळतो. मग तो हात डायनिंग टेबलावर पडून राहतो. हलत नाही. तो हलवायला जे लागतं त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, आणि ते निवडायला अक्कल लागते.

आता तुम्ही विचाराल, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आयआयटीत, टेकफेस्टला, सोफिया नावाची यंत्रबाई साडी नेसून आली होती, ते फोटो पाहून माझ्या डोक्यात किडा शिरला. शिवाय आमच्या सांताक्रूझचं नाव पेपरात येतं ते फक्त पावसाच्या मिलिमीटरसाठी. २६ जुलै २००५ ला आमच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर मोजले, त्यानंतर आमच्या उपनगराने नाव काढावं असं काही केलेलं नाही. ते आपण करू, असं वाटलं. ध्येय माफक ठेवलं होतं. हाताने चहाचा कप उचलायचा.

लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी रेझिस्टर घेणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, “अंकल, लोड कितना है?” मी म्हणालो, “एक कप चाय.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे चहाच्या टपरीकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं, “टॉर्क कितना चाहिए?” टॉर्क म्हणजे काय ते विचारायची लाज वाटली म्हणून मी खोक्यांवरचे आकडे वाचायला लागलो, आणि एसजी ९० नावाच्या निळ्या, काड्यापेटीहून लहान सर्वो मोटरवर दिसलं, वजन ९ ग्रॅम, ताकद १.८ किलो. पाच बोटांना पाच, म्हणजे नऊ किलो. चहाच काय, गॅसवरचा कुकर उचलला असता. पाचही घेतले.

घरी हिने खोकं हातात घेतलं. ही शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची, हे मी लॅमिंग्टन रोडला विसरलो होतो.

“अहो, हे किलो नाही. किलो-सेंटिमीटर आहे.”

“त्याने काय फरक पडतो?”

फरक पडतो. टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर. १.८ किलोचा जोर मोटरच्या आसापासून एक सेंटिमीटरवर मिळतो, आणि तोही मोटर अडकून जागच्या जागी थांबते तेव्हाचा. पुढे बोट ओढणारी दोरी सांध्यापासून जेमतेम पाऊण सेंटिमीटरवरून जाते आणि बोटाचं टोक असतं आठ सेंटिमीटर लांब, म्हणजे टोकाशी उरतो दहावा हिस्सा. त्यातला निम्मा घर्षणात जातो. राहिले नव्वदेक ग्रॅम, तेही मोटर खुशीत असेल तर. ज्याने जन्मभर लोकांना ‘अटी लागू’ची बारीक अक्षरं वाचायला लावली, त्याने सेंटिमीटर गाळून किलो वाचावेत!

तरी जोडणी केली. पाचही सर्वोंना वीज त्यांना हुकूम देणाऱ्या अर्डुइनो नावाच्या छोट्या बोर्डातूनच दिली, कारण बोर्डावर स्पष्ट ‘५ व्होल्ट’ लिहिलं होतं आणि लिहिलेलं मी एकदा तरी नीट वाचलं होतं. पाच मोटरी एकदम जोर लावायला गेल्या की बोर्डाचा दम संपतो, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, सुरू झाला की हात उघडतो, मिटायला जातो, पुन्हा बोर्ड बंद. दहा मिनिटं हात टेबलावर थरथरत होता. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, घरात सगळं ठीक आहे ना?

मग स्टेपर मोटरी आणल्या. एकेक पाव किलोच्या वर. पाच बसवल्यावर हात टेबलावरून उचलायला मलाच दोन हात लागले. स्टेपर संपले.

शेजारचे गृहस्थ भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळा पसारा पाहिला आणि माझाच हात धरून म्हणाले, “कोपराखाली घट्ट पकडा आणि बोटं हलवा.” तुम्हीही करून बघा. बोटांत वाकवणारे स्नायू नाहीतच, ते इथे कोपराजवळ फुगतात, आणि बोटांपर्यंत फक्त दोऱ्या जातात. ट्रॉम्बेच्या त्यांच्या केंद्रात किरणोत्सारी माल हाताळायला असेच हात असतात. जाड भिंत, शिशाची काच, अलीकडे माणसाची मूठ, पलीकडे यंत्राची, आणि मधे पोलादी दोऱ्या आणि पट्ट्या. त्यातल्या कित्येकांना मोटर नसतेच. “तिथे हात पलीकडे आणि अक्कल अलीकडे असते,” ते म्हणाले, आणि माझ्या टेबलाकडे पाहून गप्प बसले.

स्नायूच हवेत म्हटल्यावर मी नायटिनॉलची तार मागवली. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला, तापवला की आखडतो. काय देखणी कल्पना! पण आखडतो शंभरात चार-पाच भाग, म्हणजे एक बोट मिटायला अर्धा मीटर तार हवी; हात मिटतो चटकन, पण उघडतो तार निवेल तेव्हा, आणि मे महिन्यात सांताक्रूझमध्ये काहीच निवत नाही. शिवाय तार तापते सत्तर अंशांच्या वर आणि छापलेलं प्लास्टिक साठाला मऊ पडतं. अंगठा तळव्यात रुतला. कायमचा.

त्यानंतर हवेचे स्नायू. रबरी नळीवर जाळीदार आवरण, आत हवा भरली की नळी फुगते आणि आखूड होते. १९५०च्या दशकात मॅककिबेन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने पोलिओ झालेल्या आपल्या मुलीसाठी ते वापरले. त्या बापापुढे खरोखर हात जोडावेत. माझ्याकडे कॉम्प्रेसर नव्हता, भाच्याचा सायकलपंप होता. तर्जनी वाकवायला घामाघूम होऊन पंप मारायचा, आणि जिंकलो असं वाटेपर्यंत रात्री साडेअकराला नळी फुटायची. काकू पुन्हा वर आल्या.

शेवटी भाचा म्हणाला, “मामा, एमजी ९९६ आर घ्या ना! सगळे तेच घेतात.” धातूचे दाते, ५५ ग्रॅम, सहा व्होल्टला ११ किलो (सेंटिमीटर! सेंटिमीटर!). पाचही मोटरी कोपराजवळ बसवल्या, बोटांपर्यंत मासेमारीची विणलेली दोरी नेली, कारण साधी नायलॉनची ताणली जाते, आणि वीज वेगळ्या पुरवठ्यातून दिली. मूठ मिटली. मी इतका हरखलो की गळतीची नोटीस घेऊन आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणालो, “हात मिळवा की!” त्यांनी मिळवला. मिटायचं बटण तयार होतं. उघडायचं सवडीने करणार होतो.

सर्वो मोठा इमानी. जिथे जा म्हटलं तिथे जातो आणि वीज असेपर्यंत हटत नाही. सेक्रेटरी आधी हसले, मग हसायचे थांबले, मी कीबोर्डवर जमेल ते दाबत होतो, आणि हिने स्वयंपाकघरातून येऊन प्लग काढला. पकड सुटली. गळतीचा खर्च मात्र आमच्याच माथी आला.

हात आता रिकामा प्लास्टिकचा कप उचलतो. भरलेला उचलत नाही, कारण बोटांना रबर लावायचं राहिलंय. तुम्हाला करायचाच असेल तर धातूच्या दात्यांचेच सर्वो घ्या, वीज वेगळी द्या आणि उघडायचं बटण आधी करा. उरलेला माल मला काढायचा आहे. पाच निळे सर्वो, पाच स्टेपर आणि थोडी आखडलेली नायटिनॉलची तार, सगळं फुकट. स्टेपर नेणार असाल तर मजबूत पिशवी आणा.