दोन जीबीची कैफियत

चहा घ्या आणि ऐका, कारण असं एक यंत्र तुमच्याही कपाटात पडलेलं असणार. माझा छोटा लॅपटॉप 2011 चा. बिजागरी अजून घट्ट, कीबोर्डचं एकही बटण निखळलेलं नाही. रॅम 2 जीबी. ती वाढवावी म्हणून सीताबर्डीला नेला, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "याचा प्रोसेसरच दोनच्या वर घेत नाही ना भाऊ. नवीन घेऊन टाका."

का घ्यायचा? माझं काम वाढलेलं नाही. तेव्हाही मराठीत लिहीत होतो, आताही तेच करतो. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइट घेतं. हजार पानांची कादंबरी लिहिली तरी ती सहा एमबींच्या आसपास भरेल. म्हणजे 2 जीबीत अशा तीनशेहून अधिक कादंबऱ्या मावतात.

मग वाढलं कोणाचं? 2001 च्या विंडोज एक्सपीची किमान अट 64 एमबी रॅमची होती, 2021 च्या विंडोज 11 ची 4 जीबी आहे. वीस वर्षांत 64 पट! या हिशोबात माझा लॅपटॉप दारातच अपात्र ठरतो. म्हणून त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घातली. तिला किमान 2 जीबी लागते. ती उघडते, लिहू देते. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांची. परवा एक अर्ज भरायचा होता. एक क्रमांक, एक तारीख, बस. पण त्या पानावर सरकती छायाचित्रं, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, कोपऱ्यात "मी काय मदत करू?" विचारणारी चौकट. ब्राउझर प्रत्येक साइटला सुरक्षिततेसाठी वेगळी जागा देतो, ते मला मान्य आहे. पण एका तारखेसाठी एवढा पसारा कोणी मंजूर केला?

रॅम भरली की प्रणाली काही सामान हार्ड डिस्कवर हलवते. याला स्वॅप म्हणतात. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण कोटीवा भाग लागतो. डिस्कवर मात्र तबकडी फिरून मुंडी नेमक्या जागी पोचायला शंभरावा. लाखपट फरक! बाण गोठतो, डिस्क घरघरते, आणि मे महिन्यातल्या दुपारी कूलरच्या आवाजावरही लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो. अर्ज तिसऱ्या रकान्यापर्यंत आला की "आपलं सत्र संपलं आहे", पुन्हा पहिल्यापासून. झेडरॅम सुरू केलं. त्यानं रॅममधलाच मजकूर दाबून बसवला जातो. थोडा दम मिळाला, अर्ज मात्र चौथ्या खेपेला गेला.

मी चार खेपा करू शकतो, मला वेळ आहे. पण हातफिरता घेतलेल्या अशाच लॅपटॉपवर एखादी मुलगी शेवटच्या तारखेला शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असेल, तर तिनं कोणाला विचारायचं? पान बनवणाऱ्यांनी ते एकदा तरी 2 जीबीच्या यंत्रावर उघडून पाहावं, एवढीच माझी मागणी आहे.

हा मजकूर जेमतेम सहा केबींचा आहे. तो पाठवायला मेलचं पान उघडायचं, म्हणून बाकी सगळं बंद केलंय. पान अजून उघडतंय. तुम्ही आणखी अर्धा कप घ्या.