ओटीपी पुण्याला, आजी चाकुरात

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या कोणत्याही सेवा केंद्राच्या बाकावर दुपारी जाऊन बसा. थोड्याच वेळात हे वाक्य कानावर पडेल : "आधारला पोराचा नंबर लागलाय हो, अन् पोरगं पुण्याला कंपनीत हाय." आजी चाकुरात, अंगठा चाकुरात, सातबारा चाकुरात, ओटीपी जातो पुण्याला. पोरगं पाळीवर असेल तर फोन उचलत नाही. उचलून आकडा सांगेपर्यंत मुदत संपते. आजी वडवळ नागनाथला किंवा नळेगावला परत जाते. गाडीभाडं गेलं, दिवसाचा रोज बुडाला.

सरकारच्या नोंदीत मात्र काहीच घडलेलं नसतं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवेला विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यावर. आजीचा अर्ज दाखलच झाला नाही. म्हणजे तिला कोणी नाकारलं नाही, कोणी ताटकळत ठेवलं नाही, कोणाला दंड होणार नाही. पूर्वी अडवणारा साहेब समोर तरी असायचा. त्याच्याशी भांडता यायचं, वरच्याकडे जाता यायचं. आता भांडायचं कोणाशी? पडद्यावरच्या फिरत्या चक्राशी?

चाकूर तालुक्यातल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचं एक वर्ष मोजून बघा. फार्मर आयडी काढा. कृषी खात्याच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून तो लागतोच. पेरणी झाली की शेतात उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटो काढा. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. पीक विमा ऑनलाइन भरा. पावसानं पीक आडवं झालं की ७२ तासांत कळवा, हेही २०२५ च्या खरिपाआधी होतं. हा नियम मराठवाड्यानं वर्षानुवर्षं भोगला आहे. मदत मंजूर झाली की यादीत आपला व्ही. के. नंबर (विशिष्ट क्रमांक) शोधा आणि मागितली तर केवायसी करा. हमीभावानं माल घालायचा तर पुन्हा नोंदणी. एका पिकापायी आजही ही पाच दारं, आणि सगळी एकमेकांना बांधलेली. पीक पाहणी हुकली की सातबारा कोरा. सातबारा कोरा की हमीभावाच्या केंद्रावर माल घेत नाहीत. माल मग व्यापारी सांगेल त्या भावानं जातो. डिजिटल वंचना म्हणतात ती ही. ती क्विंटलमागे रुपयांत मोजता येते.

ऑनलाइन सातबारा आला हे चांगलंच झालं. तलाठ्याच्या दारातले खेटे वाचले, ज्याला फोन चालवता येतो त्याचा दिवस वाचला. प्रश्न आहे तो ज्याला येत नाही त्याचा. त्याची मोजणीही नीट होत नाही आणि शिकवणीही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या २४.६ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के होतं. हे आकडे १५ ते ४९ वयाच्या माणसांचे. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं. सहा कोटी माणसं शिकवायचं उद्दिष्ट, घरटी एक जण, अभ्यासक्रम २० तासांचा, वयाची अट १४ ते ६०. मोजणी एकोणपन्नासला थांबली, शिकवणी साठीला थांबली. निराधार योजनेचे पैसे, पेन्शन, रेशन यांच्यासाठी अंगठा लावणारं माणूस पासष्ट-सत्तरीचं. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच अटीबाहेर ठेवून आपण साक्षरता मोजली. ही मोठी चूक होती आणि ती अजून भरून निघालेली नाही.

मग गाडं अडलं की काढतं कोण? लाडकी बहीण योजनेचं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी हवा होता. जिचा नवरा वारलेला, वडीलही गेलेले, तिनं काय करावं? जिची फारकत झाली तिनं कोणाकडे ओटीपी मागावा? बायकांनी ओरड केली, तेव्हा मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बहिणींनी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत असं ठरलं. यंत्रणा अडली तिथं गल्लीतली, ओळखीची, नावानं हाक मारणारी बाई उभी करावी लागली. ती आधीच उभी केली असती तर किती बायकांचे हेलपाटे वाचले असते!

लातूर जिल्ह्याला हे कोणी नव्यानं शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम लातूर-उस्मानाबादेत चालला. घर दुरुस्तीचे हप्ते, याद्या, अभियंत्याची तपासणी, बँकेतलं खातं : गावातल्या माणसाला यातलं काही उमगेना. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. त्या घरोघर जाऊन हक्क समजावत, हप्ता का अडला ते कचेरीत विचारत, बांधकाम नीट होतंय का ते बघत. त्यांतल्या कितीतरी जणी त्याआधी कधी तहसीलची पायरी चढल्या नव्हत्या. सरकार आणि गाव यांच्यामध्ये माणूस लागतो, हे आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं. आज ती पदं नाहीत आणि कागदाची जागा पडद्यानं घेतली आहे. गरज तीच आहे.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पुल्लमपारा नावाची ग्रामपंचायत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ती संपूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. तिथं कोणी माणसांना वर्गात बोलावलं नाही. शिकवणारेच रोजगार हमीच्या कामावर गेले, कुटुंबश्री या बचतगटांच्या बायकांच्या बैठकीत गेले, घरी जाऊन ओट्यावर बसले. हीच रीत राज्यानं उचलली आणि २१ ऑगस्ट २०२५ ला केरळनं सगळं राज्य डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले आजोबाही होते. वयाची अट आड आली नाही, कारण ती पाळायची नाही असं त्यांनी ठरवलं.

चाकूरला काय करता येईल? चार गोष्टी सांगतो. चारही याच वर्षी होण्यासारख्या आहेत.

पहिली, आधारला स्वतःचा नंबर. ओटीपी साध्या मेसेजनं येतो, त्याला स्मार्टफोन लागत नाही, बटनाचा फोनही पुरतो. दिवाळीत पुण्याची पोरं गावी येतात, त्या आठवड्यात गावोगाव आधार दुरुस्तीचे कॅम्प लावा. आईच्या नावावर एक सिम, ते चालू ठेवण्यापुरतं रिचार्ज आणि तो नंबर आधारला. पोरांनो, आईला साडी घेताच ना? हेही त्याच पिशवीत घाला.

दुसरी, सहायक. चाकूर नगरपंचायतीचे १७ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागात एक आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत एक सहायक नेमा. उमेद अभियानाच्या बचतगटांतल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताया हे काम आजही न सांगता करतात. त्यांना मानधन द्या. बायकांच्या चांगुलपणावर फुकटात योजना चालवायची सवय आता मोडा.

तिसरी, महाविद्यालयं. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास काम करायचं असतं. शंभर मुलांच्या एका तुकडीचे १२,००० तास होतात. त्यातले निम्मे या कामाला दिले आणि एका माणसाला सरकारी हिशेबाप्रमाणे २० तास दिले, तर एका वर्षात ३०० माणसं शिकतात. तीही एकास एक, शेजारी बसून.

चौथी, जागा आणि नियम. वाचनालय, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली, आणि बाजाराच्या दिवशी ठरलेली वेळ. भिंतीवर दरपत्रक. ओटीपी ज्याचा त्यानंच वाचायचा, टाकायचाही त्यानंच. सहायकानं बोट दाखवायचं, हात लावायचा नाही. काम अडलं तर कुठं अडलं ते लिहून त्या माणसाच्या हातात द्यायचं. आजीच्या न भरलेल्या अर्जाचा तेवढा तरी पुरावा राहील.

सेवा केंद्रं आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि ती बंद पडली तर तालुका अडेल. पण केंद्रचालकाची कमाई अर्जावर आहे. रांगेत चाळीस माणसं असताना त्यानं आजीला शिकवत बसावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. ते काम गावाचं आणि त्याचा खर्च सरकारचा. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. खटला अपंगांच्या केवायसीचा होता, पण न्यायालयानं ग्रामीण माणसं आणि वृद्ध यांचाही विचार केला. तेव्हा हे कोणी आजीवर केलेले उपकार ठरत नाहीत.

चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना संसदेतला प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. दिल्लीचं सभागृह चाकूरच्या घरात आलं. त्याच चाकुरात आज तहसीलची सेवा आजीच्या हाताबाहेर जावी, हे गावाला शोभत नाही.

१ मेला गावोगावी ग्रामसभा असते. विषयपत्रिकेत हा विषय टाकायला लावा. "ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याचा अर्ज कागदावर घ्या, पोच द्या आणि गावात सहायक नेमा", एवढा एकच ठराव करा. हात वर करायला ओटीपी लागत नाही.