रिव्हर व्ह्यू

बदलापूरकडच्या जाहिरातींत जी उल्हास नदी ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जादा भाव लावून विकली जाते, तिनेच २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली होती. प्रवासी बोटींतून काढावे लागले. म्हणजे बिल्डर खोटे बोलत नाही, नदी खरोखर जवळ येते. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गिऱ्हाईक मात्र रंग निवडतो तो किचनच्या टाइल्सचा. त्यात कर्ज वीस वर्षांचे, तेव्हा पूर शेवटच्या हप्त्यानंतर येईल असा हिशेब! पण ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी शंभरात चार शक्यता. वीस वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते.

यावर कुणी म्हणेल, मुंबईत परवडत नाही म्हणून तर इथवर आलो, आता चिकित्सा कसली? रास्त आहे. पण ज्याच्याकडे दुसरे घर नाही, चिकित्सा त्यानेच करायची. श्रीमंताचे काय, तो विकून मोकळा होईल. आणि महारेराचा नोंदणी क्रमांक? त्यावरून चटई क्षेत्र आणि ताब्याची तारीख कळते. नळाला पाणी किती वाजता येते, ते कळत नाही. ते शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारावे. टँकरचे गेट तोच उघडतो, आणि त्याला विक्रीवर कमिशन नसते.