हुकूम किलवर

आमच्या लोणावळ्यात शनिवार-रविवारी दुकानदार रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवतो. त्यात धंदा आहे, म्हणून शोभतं. गेमच्या सर्व्हरवर कसला आलाय धंदा? तिथे आल्या-गेल्याची सरबराई करणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

आमचा माइनक्राफ्टचा सर्व्हर २०२० च्या लॉकडाऊनमधला. तळेगाव ते लोणावळा मिळून सात जण होतो. पहिल्याच पावसाळ्यात लोहगड बांधला, विंचूकाट्यासकट. मग बाहेरची पोरं येऊ लागली आणि सर्व्हरला शिस्त लावणं भाग पडलं.

या खेळाच्या सर्व्हरमध्ये मुळातच एक भाबडेपणा ठेवलेला असतो. नवा गडी जिथे अवतरतो त्या जागेपासून चारही बाजूंना सोळा-सोळा घरं राखीव. म्हणजे ३३ बाय ३३ च्या चौकोनात साध्या खेळाडूला काही फोडता येत नाही. आम्ही त्या सोळाचं शून्य केलं. जन्मल्याबरोबर जग कळलेलं बरं. नियम मात्र मुद्दाम लिहून ठेवले नाहीत. लिहिलेला नियम पुढे आपल्यालाही लागू होतो, हा मोठाच धोका.

हे सगळं शास्त्राला धरून आहे. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या पोरांनी ‘मड’ नावाचा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ रचला. (पुणे-लोणावळा लोकलही त्याच वर्षीची.) पुढे १९९६ मध्ये बार्टलसाहेबांनी खेळाडूंची पत्त्यांसारखी वाटणी केली: कमाई करणारे चौकट, धुंडाळणारे इस्पिक, गप्पा मारायला येणारे बदाम आणि दुसऱ्याला छळण्यात रमणारे किलवर. किलवर वाढले की बदाम पळतात, असंही त्यांनी लिहून ठेवलं. त्यांनी ते काळजीपोटी लिहिलं असावं. आम्ही पाककृतीसारखं वाचलं.

उलट आमच्या लोकलमधला मेंढीकोटचा अड्डा बघा. मांडीवर ब्रीफकेस, तिच्यावर पेपर. चौथा गडी देहूरोडला उतरला की शेजारच्या अनोळखी माणसाला, ‘या हो काका, बसा.’ त्या काकांनी परवा हातातली दहिली विरुद्ध जोडीच्या हुकमाखाली घातली, तरी जोडीदार नुसतं ‘असू द्या’ म्हणाला. अशाने दर्जा कसा राहणार? वर्षानुवर्षं तोच अड्डा, तीच हसाहशी. माणसं कंटाळत कशी नाहीत, देव जाणे.

आमच्याकडे असलं काही चालत नाही. कामशेतची एक मुलगी आली होती. माइक सुरू केला, तर मागे कुकरची शिट्टी आणि आजीचा आवाज: ‘अगं, जेवून घे.’ आमच्यातल्या तिघांनी तत्काळ विचारलं, ‘ही कुणाची बहीण?’ पुढे जे विचारलं ते छापण्याजोगं नाही, पण आमच्यात त्याला स्वागत म्हणतात. तिने माइक बंद केला आणि गुपचूप शेत करायला घेतलं. खेळात भात नाही, म्हणून गहूच पेरला आणि शेजारी पाटी रोवली: ‘इंद्रायणी. उड्या मारू नका.’

आता, नांगरलेल्या जमिनीवर उडी मारली की या खेळात तिची साधी माती होते आणि पीक उपटून येतं. पाटी वाचल्यावर आमच्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही. नऊ ओळींपैकी आठ तुडवल्या. नववी राहिली, कारण एकाला घरून हाक आली.

ती पुन्हा आली नाही. तिच्यामागून आणखी चार गेले. मग आमच्यातल्याही दोघांना एकमेकांवाचून छळायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी आपसात आटोपून घेतलं. आज सर्व्हर अगदी आदर्श आहे. भांडण नाही, गर्दी नाही, खेळ अडकत नाही. वीस जणांच्या जागेत मी एकटा, तोही सर्वाधिकारी.

रात्री अकरानंतर मी त्या नवव्या ओळीपाशी जाऊन उभा राहतो. जवळपास कोणी खेळाडू असल्याशिवाय या खेळात पीक वाढत नाही. अर्थात मी पहाऱ्यासाठी उभा असतो. बांधावरून चालतो.