समन्वयक सर

प्रत्येक महाविद्यालयात एक समन्वयक सर असतातच. नेमणूक वनस्पतिशास्त्राची, पण हल्ली झाडांशी संबंध वृक्षारोपणापुरता, आणि तोही फोटोपुरता. खड्डा शिपायाने सकाळीच खणलेला असतो. गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर नव्या तारखेची पट्टी चिकटवलेली असते. प्राचार्यांचा हात रोपाला लागला की सर ओरडतात, "थांबा, लोकेशन येऊ द्या!" अक्षांश-रेखांश उमटले की कार्यक्रम संपन्न. पाणी घालायचं राहिलं तरी बिघडत नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची फाइल कोरडीच बरी.

त्यांना कामचुकार म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सातला स्टाफरूममध्ये डोकावावं. सर तिथेच असतात, चहा निवलेला, अहवालाचं तिसरं परिशिष्ट उघडलेलं. माणसं नेमून दिलेलं काम आपल्या मापाने बेतून घेतात, असं एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी 2001 साली मांडलं. त्यांच्या उदाहरणांत रुग्णालयातले सफाई कामगार होते. त्यांतले काही जण रुग्णांची विचारपूस हाही आपल्या कामाचाच भाग मानत. सरांनीही काम बेतलंय. फक्त ते सफाई कामगार रुग्णाकडे सरकले, आणि सर विद्यार्थ्यापासून.

यावर कुणी म्हणेल, सरांचा काय दोष, कात्री तर यूजीसीच्या हातात! म्हणण्यात दम आहे. 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास अध्यापन, सहयोगी झाला की 14. म्हणजे बढतीचं बक्षीस काय, तर शिकवण्यातून दोन तासांची सुटका. हे वाचून हुशार माणसाने काय समजायचं? पण नियम सगळ्यांना सारखाच. त्याच स्टाफरूमच्या कोपऱ्यात प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणाऱ्या एक बाई असतात. नुसती सही न ठोकता त्या आकृतीखाली लिहितात, 'हे पान पुस्तकातलं. तू आणलेलं पान कुठंय?' कामाला वळण त्यांनीही दिलंय, पण त्याचं जिओटॅगिंग होत नाही आणि फाइलही लागत नाही. सरांचे तास मात्र तासिका तत्त्वावरचा एक तरुण घेतो. पैसे तासागणिक, तेही कधी येतील तेव्हा. त्याच्याकडे बेतायला कापडच नाही. खडू घेऊन तो वर्गाकडे निघाला की सर हाक मारतात, "अरे, मुलांच्या सह्या तेवढ्या घेऊन ठेव. कार्यक्रम कुठला ते मी नंतर टाकतो."